मरकामाच्या खरादावर आंबा

योगराज घरी येतो, पण घरात येत नाही. दिवाळीला आला, होळीला आला. दोन्ही वेळा अंगणातल्या छपरीत खाट टाकून झोपला, तिथंच जेवला, आणि पाणीसुद्धा सोबत आणलेल्या बाटलीतलं प्यायला. आत चल म्हटलं तर म्हणाला, "आत उकडते." होळीचं मी एक वेळ समजू शकते. दिवाळीला चिचगडात कोणाला उकडतं? जंगलाला लागून आमचं गाव. त्या दिवसांत पहाटे शेकोटीशिवाय कोणी बाहेर बसत नाही. तेव्हापासून हे माझ्या मनातून जात नाही.

योगराज माझा एकुलता मुलगा. तिशी ओलांडली, लग्न अजून नाही. गोंदियाच्या बाहेर एका जुन्या राईस मिलच्या गोदामात ढोलकीची लाकडी अंगं बनवायचा कारखाना आहे, तिथं तो खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या मशीनवर, काम करतो आणि मागच्याच चाळीत एका खोलीत राहतो. कारखान्यात फक्त लाकडाचं काम होतं. कातडं चढवायला माल नागपूर-रायपूरला जातो. त्या पोकळ लाकडी अंगाला तिथं 'खोड' म्हणतात, म्हणून मीही खोडच म्हणते.

त्याच्या बाबांनी, आसारामनं, आपला निकाल कधीच लावून टाकला होता. "साहेब झाला तुझा पोरगा. मातीच्या घरात जीव घुसमटते त्याचा."

शेजारच्या कुंदाबाईचं याहून पुढचं. "मास्तरीण बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, पन तुमाले समजत नाई. त्यानं गोंदियात कोनी ठेवली असन. तिनंच सांगतलं असन, सासूच्या हातचं पानी पिऊ नको म्हनून."

"सासू व्हायला लग्न तर होऊ दे," मी म्हटलं.

"आजकाल लग्न कायले लागते वो!"

मी हसले, पण घरात येऊन भांडी घासताना डोळे भरून आले. काहीतरी होतं, आणि ते मला माहीत नव्हतं.

वैशाखात माझ्या मुलीचं, प्रियाचं लग्न आहे. आमच्या घरची रीत अशी की मुलीला देवखोलीतून भावानं हात धरून बाहेर मांडवात आणायचं. आसारामच्या बहिणींना त्यानंच आणलं होतं. प्रियाला एकच सख्खा भाऊ. मी फोनवर योगराजला म्हटलं, सुट्टी आधीच मागून ठेव. मागं मशीन चालू होती, तिचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "गजेंद्रले सांग ना. तो बी भाऊच आहे." गजेंद्र म्हणजे माझ्या चुलत दिराचा, केवळराम भाऊजींचा मुलगा.

"आणि तू?"

"मी येईन ना. बाहेरचं सारं पायतो. मांडव, पंगत, पानी."

सगळं बाहेरचं. मी शाळेतून एक दिवसाची रजा टाकली आणि त्याला न कळवता गोंदियाची एसटी पकडली.

रस्त्यात मला त्याचं लहानपण आठवत होतं. योगराजनं कधी फार मार खाल्ला नाही, कारण मारायची वेळच तो येऊ द्यायचा नाही. चूक झाली की स्वतःच जाऊन बाहेर बसायचा. एकदा विटीदांडू खेळताना कुंदाबाईची घागर फोडली. घरी येऊन लपण्याऐवजी तिच्याच दारात जाऊन बसला. दुपार झाली, जेवायची वेळ टळली, तरी उठेना. शेवटी कुंदाबाईच काकुळतीला आली. "ऊठ ना बे! घागर माझी फुटली, तू काऊन रडून रायला?" मी ओढून आणायला गेले, तर म्हणाला, "तिनं मले काईच नाई म्हटलं अजून." शिक्षा मिळाली असती तर सुटला असता. मिळाली नाही, म्हणून बसून राहिला.

शाळा त्याला मानवली नाही. देवरीच्या आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केला, मग दोन-तीन वर्षं रायपूरला लोखंडाच्या खरादावर होता. तिथून परत आला आणि या लाकडाच्या कारखान्यात लागला. लोखंडाचा किस बोटात घुसतो, लाकडाचा सुवास येतो, एवढंच कारण त्यानं मला सांगितलं होतं. चार वर्षं तो खुशीत होता. शनिवारी यायचा, अंगाला बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा वास असायचा, आणि थेट चुलीपाशी येऊन बसायचा.

कारखान्याच्या फाटकातून आत गेले तर समोर ओंडक्यांचा ढीग. आऱ्यावर सारख्या लांबीचे कापलेले, साल काढलेले, दोन्ही टोकांना मेण फासलेलं. मला तिथं पाहून भुश्याच्या ढिगापाशी बसलेली एक बाई उठली. पन्नाशीची, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, भुवयांवर पिवळट भुसा.

"कोन पायजे?"

"योगराज मरकाम. मी त्याची आई."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी आल्या? बरं झालं बाप्पा. कोनीतरी आलं. मी दुर्पता. या, इथं सावलीत बसा. तो आता मशीन सोडनार नाई. लाकूड अर्ध्यावर आलं की तो बापाचं बी आयकत नाई."

बसले. गोदामाच्या मोठ्या दारातून आतला उजेड-अंधार दिसत होता. चार खरादांची रांग होती. तिघे एकमेकांशी बोलत, ओरडत काम करत होते. चौथा खराद भिंतीकडे, कोपऱ्यात, आणि त्यावर माझा मुलगा पाठमोरा. ओंडका गरगर फिरत होता. लांब दांड्याची पटाशी लोखंडी आडव्या दांडीवर टेकवून तो हळूहळू पुढं नेत होता, आणि लाकडाची लांबच लांब साल सुटून त्याच्या पायावर पडत होती. मग मला दिसलं की पाय उघडे आहेत.

"चप्पल कुठं त्याची?"

दुर्पता म्हणाली, "तेच तर. बाकीच्या लाकडाले चप्पल घालते. आंब्याले काढून ठेवते."

मला आधी शब्द नीट कळलाच नाही. "कशाला?"

"आंब्याले. आता सारा आंबाच येऊन रायला ना. बिजा कोठी भेटते? फॉरेस्टच्या डेपोतून काढाले कागदच कागद. शिवन बी संपली. कामठ्याकडचे लोक बांधावरचे जुने आंबे विकून रायले, सेठ तेच घेते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही गोंड, आणि आमच्या आडनावातच आंबा आहे. गोंडीत मरका म्हणजे आंबा. तो मरकामांचा. आंब्यावर आमच्या घरातला माणूस कुऱ्हाड उचलत नाही. वादळात पडलेली फांदीसुद्धा आमच्या चुलीत जात नाही. मी माहेरची उईके, त्यामुळे मला हे लग्नानंतर कळलं, सासूबाईंकडून. आसारामनं एकदा देवरीच्या बाजारातून जेवायला बसायचा सुंदर पाट आणला. घरी आल्यावर कोणीतरी म्हणालं, हा तर आंब्याचा. त्यानं पाण्याचा घोटही घेतला नाही. तसाच सायकलला पाट बांधून माघारी गेला. दुकानदारानं पाट परत घेतला नाही, तर त्याच्याच दुकानासमोर ठेवून आला. अशा बापाचा मुलगा समोर आंबा कातत होता.

"सांगा मला सगळं," मी दुर्पताला म्हटलं.

तिनं सांगितलं ते असं. मागच्या पावसाळ्यानंतर आंब्याचा पहिला माल आला. योगराजनं हत्यारं खाली ठेवली आणि फाटकाबाहेर जाऊन बसला. कारखान्याचे मालक कैलाश सेठ बाहेर आले. हा उठेना. शेवटी वीरेंद्र टेकाम नावाच्या दुसऱ्या कामगारानं सेठला समजावलं, तो मरकाम आहे, आंबा त्यांच्यात चालत नाही. टेकामांचं तसंच सागवानाचं आहे.

"सेठ कपाळाले हात लावून बसला," दुर्पता म्हणाली. "म्हने, मरकाम को आम नहीं चलता, टेकाम को सागवान नहीं चलता, तो मैं ढोलक क्या प्लास्टिक के बनाऊँ? सारे हासले. पन मानूस बरा आहे. म्हने, जा, तू कडुलिंबाचं काम कर, आंबा इंद्रकुमार करन."

इंद्रकुमार हा तिथला जुना मिस्त्री, हात चलाख, पण उतावळा. आंब्याचं ओलं लाकूड त्यानं एका दमात आतून-बाहेरून कातून पातळ केलं आणि वाळायला मांडलं. आंबा असा ऐकत नाही. आठवडाभरात खोडांना तडे गेले. तोंडापासून पोटापर्यंत उभे तडे. ट्रॉलीभर खोडं वाया गेली, आणि सेठनं ती वीटभट्टीला जाळायला पाठवली.

"ट्रॉली भरून रायली होती मी. योगराज उभा राहून पायत होता. मी म्हटलं, हात लाव ना बे, एकटीच भरून रायली मी. त्यानं हात लावला नाई. ट्रॉली गेली तरी उभाच. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, चप्पल काढली अन् सेठले म्हने, आंबा मले द्या."

दुर्पता ढिगाकडे वळली. आता मला दिसलं की तो नुसता भुश्याचा ढीग नव्हता. आत खोडं पुरलेली होती. तिनं एक उकरून वर काढलं. जाडसर, ओबडधोबड, पोकळीत ठासून किस भरलेला.

"हे त्याचं काम. आधी जाड कातते. मग त्याचाच भुसा त्याच्यात भरून, त्याच्यातच झाकून ठेवते. दुसऱ्या झाडाचा भुसा चालत नाई त्याले. मी रोज उलटी-पालटी करतो. सावकाश पानी सुटते. दोन-अडीच महिन्यानं काढते, अन् मंग पातळ करते. फुटत नाई आता. शंभरातलं एखांदं." तिनं खोड पुन्हा झाकलं, वरून ओलं गोणपाट टाकलं. "बाळंतिनीसारखं करते वो तुमचं पोरगं लाकडाचं. सोताचं मात्र काईच नाई करत."

"म्हणजे?"

"आधी आमी सारे संगच जेवत होतो. आता डबा घेते अन् त्या भिंतीमागं जाते. वीरेंद्रनं एकदा हात धरून बसवलं, तर म्हने, माझं पानी चालत नाई सध्या. वीरेंद्र म्हने, कोन म्हटलं बे? तर म्हने, कोनी म्हटलं पायजे का?"

भोंगा झाला. खराद थांबले. तिघे हात झटकत नळाकडे गेले. योगराजनं खोड उतरवलं, तळहात त्याच्या आत घालून चारही बाजूंनी फिरवला, आणि ते जमिनीवर न ठेवता घडी घातलेल्या गोणपाटावर ठेवलं. मग वळला आणि मला पाहिलं.

"आई? काऊन आली? बाबा बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. तुझ्यासोबत जेवायला आले."

मी घरून भाकरी आणि चवळीची भाजी आणली होती. तो मला भिंतीमागं घेऊन गेला. तिथं विटांचा एक ओटा, त्यावर त्याचा डबा, तांब्या. मी माझी भाकरी मोडून त्याच्या डब्यात टाकायला लागले, तर त्यानं डबा मागं घेतला.

"तू तुझं जेव, मी माझं जेवतो."

"मी तुझी आई आहे, योगराज."

"म्हनूनच ना."

कोणी असं बोललं की मला शिक्षिकेसारखं बोलायची सवय आहे. मी बोलले. म्हटलं, झाड तू तोडलं नाहीस. ते कामठ्याच्या माणसानं विकलं, दुसऱ्यानं तोडलं. तू न कातलं तरी ते तुटणारच होतं. यात तुझा काय दोष?

तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. "तोडलं तं तोडलं. त्याचा इलाज माझ्यापाशी नोता. पन जाळायले गेलं ना आई, ते मले पायवलं नाई. म्हातारं झाड. त्याच्याखाली किती लगनं झाली असतील. तोडाचं, आरा लावाचं, अन् वरून भट्टीत घालाचं. मंग म्हटलं, हे माझ्याच हातून झालं तं निदान वाजन तरी. कोनाच्या लग्नात, कोनाच्या भजनात."

"मग चांगलंच केलंस."

"चांगलं नाई म्हनत मी. आंब्यावर लोखंड चालवलं मी. मरकामानं. रोज चालवतो. ते तं खरं आहे ना? त्या हातानं देवखोलीत कसा जाऊ? प्रियाचा हात कसा धरू?"

त्याचा आवाज अगदी साधा होता, जणू कोणत्या गाडीला कुठं थांबा आहे ते सांगत होता. मला वाटलं होतं तो शहरात जाऊन हे सगळं विसरला असेल. बापाला तर खात्रीच होती. आणि हा आमच्या घरातल्या कोणाहीपेक्षा ते जास्त घट्ट धरून बसला होता, आणि त्यापायी घराबाहेर.

"काम सोड मग," मी म्हटलं. "दुसरं मिळेल."

"मी सोडलं तं इंद्रकुमार भाऊ करन. मंग पुन्हा ट्रॉली." तो उठला, तांब्यातलं पाणी उंचावरून घशात ओतलं. "बाबाले सांगू नको. केवळराम काकाले तं बिलकुलच नाई. कबूल कर."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते? त्यानं मला रिक्षापर्यंत सोडलं. माझी पिशवी घेतली, पण मी हातात हात द्यायला गेले तर पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रिकामा हात खिशात घातला.

घरी आले. आसारामनं विचारलं, "काय म्हनते साहेब?" मी म्हटलं, काम फार आहे. प्रिया गजेंद्रला फोन करून विचारत होती, दादा नाही आला तर तू येशील ना रे आत, आणि विचारता विचारताच रडायला लागली. गजेंद्र तिकडून ओरडत होता, "अवो, मी येतो ना, पन तो मेला का? येईल ना तो!"

तेव्हापासून मी एकच विचार करते आहे, केवळराम भाऊजींचा. आमच्या कुळाचा देव त्यांच्याकडे असतो. बोलतात कमी. त्यांच्या सख्ख्या भावानं देवाचा संबंध, म्हणजे कोणत्या देवाच्या कुळात सोयरीक चालते ते, न पाहता मुलाचं लग्न लावलं, तेव्हा भाऊजींनी त्या घराचं पाणी बंद केलं ते केलंच. भाऊ वारला त्या दिवशीही ते स्मशानात झाडाखाली एकटे उभे होते, जवळ गेले नाहीत. पुढं त्या घरानं पंचांसमोर येऊन चूक मान्य केली, तेव्हा याच भाऊजींनी आधी त्यांच्या पंगतीत बसून पहिला घास खाल्ला. हेही मी पाहिलं आहे. त्या दिवशी भावाच्या बायकोला त्यांनी स्वतःच्या हातानं ताट वाढलं.

भाऊजींना कळलं तर काय होईल, मला सांगता येत नाही. कदाचित ते म्हणतील, काम सोड. कदाचित दंड सांगतील, कुळाला जेवण सांगतील. कदाचित लग्नाच्या तोंडावर घरभर बोभाटा होईल आणि प्रियाच्या सासरी जाईल. आसाराम तर कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहील, पाट टाकून आला होता तसा. आणि योगराज मला पुन्हा कधी काही सांगणार नाही.

पण एक गोष्ट मला आता स्पष्ट दिसते. आमच्यात माणसाला बाहेर काढतात ते पंच बसून, विचारून, त्याचं ऐकून. मग परत घ्यायचाही एक दिवस असतो. योगराजला कोणी बाहेर काढलेलंच नाही. त्याला कोणी काही विचारलं नाही, त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. फिर्याद त्याची, निकाल त्याचा, आणि शिक्षाही तोच भोगतो आहे. ज्याला कोणी काढलं नाही त्याला परत घ्यायला कोण येणार? मी गप्प बसले तर माझा मुलगा आयुष्यभर छपरीतच जेवेल. प्रियाचं लग्न होऊन जाईल, आम्ही म्हातारे होऊ, आणि तो प्रत्येक सणाला येऊन मांडव, पंगत, पाणी बघत राहील.

भट्टीला गेलेल्या ट्रॉलीबद्दलही कोणी भाऊजींना सांगितलेलं नाही. आंबा जळाला, एका मरकामाच्या डोळ्यांदेखत जळाला, आणि पुढचा जळू नये म्हणून त्यानं काय केलं, यावर त्यांचं म्हणणं काय, हे मला ऐकायचं आहे. माझ्याकडे पदवी आहे, पण याचं उत्तर द्यायचा अधिकार माझा नाही. मी माहेरची उईके. आंबा त्यांचा आहे.

भाऊजींना सांगण्याआधी योगराजला विचारावं असं दहादा वाटलं. विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि नाही म्हटल्यावर माझी हिंमत होणार नाही. भाऊजींशी बोलून झालं की त्याला मी उद्याच सांगेन, स्वतः सांगेन, आणि तो रागावला तर रागावू देईन.

केवळराम भाऊजी कोंबडा आरवायच्या आधी उठतात आणि बाहेर खाटेवर बसून बिडी पितात. त्या वेळी घरात दुसरं कोणी जागं नसतं, आणि फोन तेच उचलतात, म्हणून उद्या मी त्याच वेळी त्यांना फोन करेन. घरात झोपलेल्या आसारामला ऐकू जाऊ नये म्हणून मी विहिरीकडे जाऊन बोलेन. सुरुवात कशी करायची तेही ठरवलं आहे. रडायचं नाही, माफी मागायची नाही. म्हणेन, भाऊजी, योगराजबद्दल बोलायचं आहे, पूर्ण ऐकून घ्या, मध्ये काही म्हणू नका. आणि वीटभट्टीपासून सुरुवात करेन.